चार गेमिंग यंत्रे आणि एकच चार्जर : जमेल का?

प्रश्न : दूरचाप्रवासी

नमस्कार. हातात धरून खेळायची चार यंत्रे माझ्याकडे आहेत आणि चारही यंत्रांची भूक निराळी आहे. सर्वांत जुना गेम बॉय कलर आहे, तो दोन पेन्सिल सेलवर चालतो. त्यानंतर २०१७ च्या पहिल्या तुकडीतला निन्टेन्डो स्विच, मग एलसीडी पडद्याचा स्टीम डेक, आणि अलीकडे घेतलेले खिशात मावेल एवढे एक लहान यंत्र, ज्यावर फक्त जुन्या काळचे खेळ चालतात. पुढच्या महिन्यात दोन दिवसांचा रेल्वेप्रवास आहे आणि पाठोपाठ विमानप्रवासही आहे. चार चार्जर आणि वायरींचे जंजाळ बरोबर नेण्याची इच्छा नाही.

माझ्याकडे २०,००० एमएएचची एक पॉवर बँक आहे आणि तिच्यावर १८ वॉट असे छापलेले आहे. स्विचची बॅटरी ४,३१० एमएएचची, म्हणजे हिशेबाने ती चार वेळा भरून वर बरेच काही उरायला हवे. प्रत्यक्षात साडेतीन वेळाही धड भरत नाही. स्टीम डेकच्या बाबतीत तर कोडेच आहे. ही पॉवर बँक जोडली की पडद्यावर चार्जर मंद असल्याची सूचना येते, आणि मोठा खेळ सुरू असताना वायर लावलेली असूनही टक्के हळूहळू उतरत जातात. लहान यंत्राची तऱ्हा आणखी वेगळी आहे. दोन्ही टोकांना यूएसबी सी पिन असलेली (सी-टू-सी) केबल लावली तर ते चार्ज होतच नाही, दिवासुद्धा लागत नाही. मात्र मोबाइलबरोबर आलेली जुनी, एका टोकाला रुंद चपटी पिन असलेली केबल लावली की निमूटपणे चार्ज होते. केबल खराब असावी म्हणून मी दुसरी सी-टू-सी केबल घेतली, पण तिचाही उपयोग झाला नाही.

आता पॉवर बँक बदलावी की चार्जर बदलावा, गेम बॉयसाठी साधे सेल घ्यावेत की चार्ज होणारे, आणि घरी असताना स्टीम डेक सतत चार्जरला लावून ठेवला तर बॅटरीचे नुकसान होते का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद : वॉटमोजणी

तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिलीचे मूळ एमएएच या मापात आहे, म्हणून आधी ते बाजूला ठेवू. एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, हे विद्युत प्रभाराचे माप आहे. त्यात साठलेली ऊर्जा किती हे व्होल्टेज कळल्याशिवाय सांगता येत नाही. ऊर्जेचे माप वॉट-अवर आहे, आणि एमएएचला हजाराने भागून व्होल्टने गुणले की ते मिळते. स्विचची बॅटरी ४,३१० एमएएच आणि ३.७ व्होल्टची आहे, म्हणजे सुमारे १६ वॉट-अवर. स्टीम डेकच्या एलसीडी आवृत्तीची बॅटरी ४० वॉट-अवरची आहे, पण तिच्यात सेल एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे तिचा व्होल्टेज स्विचच्या सुमारे दुप्पट आहे. त्यामुळे केवळ एमएएच पाहिले तर ही बॅटरी स्विचपेक्षा थोडीशीच मोठी वाटते. प्रत्यक्षात ती अडीचपट आहे.

हाच हिशेब पॉवर बँकेला लावा. तिच्यावर छापलेले २०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे आहेत, म्हणजे ७४ वॉट-अवर. ही वीज बाहेर देताना तिचा व्होल्टेज ५, ९ किंवा १५ पर्यंत चढवावा लागतो, आणि यंत्रात गेल्यावर तो पुन्हा सेलच्या पातळीवर उतरवावा लागतो. या चढ-उतारात काही भाग उष्णता होऊन जातो. चांगल्या पॉवर बँकेतून साधारण ८५ टक्के ऊर्जा बाहेर येते असे धरले आणि यंत्रातल्या चार्जिंगमध्ये आणखी दहा टक्के गेले असे मानले, तर ७४ पैकी ५६-५७ वॉट-अवर बॅटरीत पोहोचतात. त्यात स्विच साडेतीन वेळा आणि स्टीम डेक एकदा पूर्ण व वर सुमारे चाळीस टक्के भरेल. तुम्हाला साडेतीनच्या आतबाहेरचा आकडा दिसतो आहे, म्हणजे तुमची पॉवर बँक प्रामाणिक आहे. तिला दोष देऊ नका.

दुसरी तक्रार साठ्याची नसून वेगाची आहे. टाकी मोठी असली तरी नळ बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागतो, आणि बादलीला खालून भोक असेल तर ती भरण्याऐवजी रिकामीच होत जाते. स्टीम डेकवर जड खेळ चालू असताना चिप, पडदा, पंखा आणि वाय-फाय मिळून वीस वॉटच्या वर खेचतात, आणि तुमची पॉवर बँक जास्तीत जास्त १८ वॉट देते. उरलेले दोन-पाच वॉट बॅटरीतून जातात, म्हणून टक्के उतरतात. त्याच पॉवर बँकेवर एखादा साधा द्विमितीय खेळ खेळून पाहा, टक्के चढताना दिसतील.

स्टीम डेकचा मूळ चार्जर ४५ वॉटचा आहे, १५ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर. येथे यूएसबी पॉवर डिलिव्हरीची, म्हणजे पीडीची, पद्धत लक्षात घ्यावी लागते. पीडीमध्ये चार्जर आपल्याकडचे पर्याय यंत्राला सांगतो (५, ९, १५ आणि २० व्होल्ट) आणि यंत्र त्यांतला एक मागून घेते. जोपर्यंत ही बोलणी होत नाहीत तोपर्यंत ५ व्होल्टच मिळतात. चार्जरवर मोठ्या अक्षरांत ४५ वॉट लिहिलेले असले तरी खाली बारीक अक्षरांत १५ व्होल्ट, ३ अँपिअर हा पर्याय छापलेला आहे का, हे पाहूनच घ्यावे. काही पॉवर बँकांमध्ये ९ आणि १२ व्होल्ट असतात आणि १५ चा पत्ताच नसतो. तेथे यंत्र नाइलाजाने ९ व्होल्टवर राहते. स्विचलाही टीव्हीला जोडणाऱ्या बैठकीत, म्हणजे डॉकमध्ये, १५ व्होल्ट लागतात, त्याच्या मूळ अडॅप्टरवर १५ व्होल्ट आणि २.६ अँपिअर असे छापलेले आहे. हातात धरून खेळताना मात्र त्याची मागणी १८ वॉटच्या आसपास थांबते, म्हणून तुमच्या पॉवर बँकेवर तो खूश आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की दोन सी पोर्ट असलेला ६५ वॉटचा एक पीडी चार्जर आणि १५ व्होल्टवर ३ अँपिअर देणारी ४५ वॉटची एक पॉवर बँक घ्यावी. दोन पोर्टच्या चार्जरमध्ये एक खाचखळगा असतो: दुसऱ्या पोर्टला काहीही जोडले, अगदी कानातले हेडफोनसुद्धा, की चार्जर एकूण वॉटची नव्याने वाटणी करतो. ६५ चे ४५ आणि २० होत असतील तर उत्तम. समसमान वाटणी करणारा असेल तर स्टीम डेक पुन्हा कुरकुर करेल. ही वाटणी खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेली असते. केबलची काळजी करू नका. नियमांत बसणारी कोणतीही सी-टू-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट नेऊ शकते. त्यापुढे जायचे असेल तरच ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते, आणि तुमच्या चारपैकी एकाही यंत्राला तिची गरज नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गमतीची आहे. सी-टू-सी केबलमध्ये चार्जर आधी विजेचा प्रवाह सोडतच नाही. समोर वीज घेणारे यंत्र आहे याची खूण त्याला मिळावी लागते, आणि ती खूण म्हणजे यंत्राच्या सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन पिनांवर बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर. अनेक स्वस्त लहान यंत्रांत हे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. मग चार्जरच्या दृष्टीने केबलच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही, आणि तो गप्प राहतो. रुंद चपट्या पिनेच्या जुन्या पोर्टमधून मात्र ५ व्होल्ट कायम बाहेर येत असतात, तेथे कोणी विचारत नाही, म्हणून ती केबल चालते. तुम्ही कितीही केबली बदलल्यात तरी फरक पडणार नाही. तुमचा नवा चार्जर घेताना त्यात एक जुना रुंद पोर्ट असेल असा पाहून घ्या, एवढाच यावर उपाय आहे.

विमानाबाबत थोडक्यात: विमान कंपन्यांचा सर्वसाधारण नियम १०० वॉट-अवरपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळ्या परवानगीशिवाय मुभा देतो, १०० ते १६० च्या मधल्यांना कंपनीची संमती लागते. तुमची ७४ ची चालेल. ती जवळच्या बॅगेतच ठेवायची, सामानाच्या डब्यात द्यायच्या बॅगेत चालत नाही. पॉवर बँकेवर वॉट-अवरचा आकडा छापलेला असावा आणि तो पुसट झालेला नसावा.

प्रतिसाद : चारपेन्सिल

वरच्या प्रतिसादात गेम बॉय सुटला, म्हणून लिहितो. या यंत्रांचा इतिहास पाहिला तर त्याचा निम्मा भाग सेलचाच आहे. १९८९ चा पहिला गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास सहज चालत असे, कारण त्याचा पडदा रंगीत नव्हता आणि मागून उजेड देणारा दिवाही नव्हता. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगीत, उजळ पडदा होता. तो सहा सेल तीन ते पाच तासांत संपवत असे. पडदा पाहणाऱ्याचे डोळे दिपत असत आणि सेल विकत घेणाऱ्याचे पांढरे होत असत. तुमचा १९९८ चा गेम बॉय कलर रंगीत असला तरी उजेडाचा दिवा नसल्यामुळे दोन सेलवर भागतो.

आता मूळ प्रश्न. साध्या अल्कलाइन सेलचा व्होल्टेज १.५ पासून सुरू होतो आणि वापरागणिक सावकाश उतरत जातो. चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असतो, पण तो बराच काळ त्याच पातळीवर टिकून राहतो आणि शेवटी एकदम घसरतो. गेम बॉय कलरला दोन्ही चालतात, कारण अर्धा उतरलेला अल्कलाइन सेलही त्याच पातळीला आलेला असतो. फरक पडतो तो यंत्र चालू असल्याचे दाखवणाऱ्या लाल दिव्यात. अल्कलाइनमध्ये दिवा मंद होऊ लागला की खेळ जतन करायला पुरेसा अवधी मिळतो. निकेलच्या सेलमध्ये दिवा मंद दिसला की लगेच जतन करावे, कारण त्यानंतर फार थोडी शक्ती उरलेली असते.

हे सेल घेताना स्वतःहून कमी उतरणारे घ्यावेत. २००५ साली सान्योने एनेलूप या नावाने असे सेल आणले आणि पुढे इतरांनीही आणले. त्याआधीचे निकेलचे सेल कपाटात ठेवल्या ठेवल्या काही आठवड्यांत निम्मे रिकामे होत. २,००० एमएएचच्या आसपासचे सेल आणि प्रत्येक सेलकडे वेगळे लक्ष देणारा चार्जर असला की पुरे. जोडीनेच चार्ज करणारा स्वस्त चार्जर टाळावा, कारण एक सेल आधी भरला तरी दुसरा भरेपर्यंत चार्जर थांबत नाही.

अलीकडे यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियमचे पेन्सिल सेलही मिळतात. ते मी वापरून पाहिले आणि बाजूला ठेवले. त्यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारे लहानसे सर्किट असते, जे शेवटच्या क्षणापर्यंत बरोबर १.५ व्होल्ट देत राहते आणि मग दार आपटावे तसे बंद होते. लाल दिवा अखेरपर्यंत टवटवीत दिसतो, त्यामुळे इशारा मिळतच नाही. शिवाय माझ्या यंत्रात त्या सर्किटमुळे हेडफोनमध्ये बारीक किणकिण ऐकू येत असे. ज्यांना खेळता खेळता जतन करण्याची सवय आहे, त्यांनी खुशाल घ्यावेत.

आणखी दोन गोष्टी सांगतो. यंत्र वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळतो तेव्हा पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि पितळी पट्ट्यांवर पांढरा-हिरवट थर चढतो. हा थर अल्कधर्मी असल्यामुळे कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसला की निघतो, नंतर स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडे करावे. दुसरे म्हणजे, ज्या खेळांच्या काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) तुमची प्रगती साठवली जाते, त्यांपैकी अनेकांत एक नाण्यासारखा सेलही असतो. यंत्राचे सेल ताजे असूनही जतन केलेला खेळ नाहीसा होऊ लागला, तर दोष त्या नाणेसेलचा समजावा. तो डाग देऊन बसवलेला असतो आणि काढताच साठवलेली प्रगती जाते.

प्रतिसाद : तीसफ्रेम

खरेदीचा सल्ला उत्तम आहे, पण खरेदीच्या आधी भूक कमी करता येते का, हे पाहायला हवे होते. स्टीम डेकच्या ४० वॉट-अवरना २० वॉटने भागले तर दोन तास मिळतात, १० वॉटने भागले तर चार. एवढा फरक पाडणारी पॉवर बँक वेगळी वागवावी लागते, आणि हा फरक मात्र पडद्याच्या बाजूच्या बटणाने उघडणाऱ्या यादीत फुकट मिळतो.

तेथे पडद्याचा वेग ६० ऐवजी ४० हर्ट्झ करा आणि खेळाला ४० फ्रेमची मर्यादा घाला. ३० पेक्षा ४० डोळ्यांना पुष्कळ सुखद वाटतात, कारण एका फ्रेमचा काळ ३३ मिलिसेकंदांवरून २५ वर येतो, जो ३० आणि ६० यांच्या बरोबर मध्यावर आहे. त्यानंतर चिपच्या शक्तीवर मर्यादा घाला. ही मर्यादा ३ ते १५ वॉटच्या दरम्यान ठेवता येते. जुन्या किंवा साध्या खेळांना ५ ते ७ वॉट सहसा पुरतात. मी एक-एक वॉट उतरवत जातो, खेळ अडखळू लागला की एक पायरी वर चढतो आणि ती मांडणी त्या खेळापुरती जतन करतो. रेल्वेच्या डब्यात पडद्याचा उजेड निम्म्यावर आणि वाय-फाय बंद, हे वेगळे सांगायला नको.

चिपचा परिणाम किती मोठा असतो, याचा पुरावा तुमच्या स्विचमध्येच आहे. २०१७ चा स्विच अडीच ते साडेसहा तास चालतो असे निन्टेन्डो सांगते. २०१९ मध्ये आलेल्या सुधारित स्विचला हीच कंपनी साडेचार ते नऊ तास देते. बॅटरी दोन्हींत तीच, ४,३१० एमएएचची. बदलली ती कमी वीज खाणारी चिप. त्यामुळे तुम्हाला पॉवर बँक जास्त लागते ती पहिल्या तुकडीमुळे. याउलट असूस कंपनीचा, असाच हातात धरून खेळायचा २०२४ चा आरओजी अलाय एक्स पाहा: त्याच्या आधीच्या आवृत्तीची बॅटरी ४० वॉट-अवरची होती, ती थेट ८० केली गेली. तोही मार्ग आहेच, फक्त तो हातांनी उचलून धरावा लागतो.

वॉटमोजणी यांच्याशी एका मुद्द्यावर माझे मतभेद आहेत. तुमच्या प्रवासासाठी ४५ वॉटची नवी पॉवर बँक आवश्यक नाही. मागणी १२ वॉटवर आणली की जुनी १८ वॉटची पॉवर बँकच खेळता खेळता बॅटरी भरू लागेल.

प्रतिसाद : वॉटमोजणी

मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. जड खेळ १२ वॉटवर आणताना चित्राचा दर्जा इतका उतरवावा लागतो की तो खेळ कशासाठी घेतला असा प्रश्न पडावा. शिवाय गाडीत प्लग तासाभरासाठीच मोकळा मिळाला, तर ४५ वॉटचा चार्जर त्या तासात जेवढे भरेल तेवढे १८ वॉटचा भरणार नाही. चार्जर बदलावा, पॉवर बँक तूर्त राहू द्यावी, येथवर मी मागे येतो.

प्रतिसाद : दूरचाप्रवासी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेझिस्टरचा उलगडा वाचून नवी केबल विनाकारण घेतल्याचे वाईट वाटले. माझा शेवटचा प्रश्न मात्र राहिला आहे. घरी मी स्टीम डेक चोवीस तास चार्जरला लावून ठेवतो. विचारण्याचे कारण असे, की कपाटात तीन-चार वर्षे पडून असलेल्या एका जुन्या यंत्राचे मागचे झाकण गेल्या आठवड्यात उचललेले दिसले. आतली बॅटरी उशीसारखी फुगली आहे. तेच या यंत्राचे होईल का?

प्रतिसाद : निवृत्तदुरुस्तीकार

आधी त्या फुगलेल्या बॅटरीचे. ती चार्ज करून पाहू नका, दाबू नका, टोचून हवा काढण्याचा विचारही करू नका. आत इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे सेलमधल्या रासायनिक द्रवाचे, विघटन होऊन वायू साठलेला असतो आणि तो ज्वलनशील असतो. बॅटरी हाताने सहज निघणारी असेल तर काढून, तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, कागद-कापडापासून दूर धातूच्या डब्यात ठेवा आणि विद्युत कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. डिंकाने चिकटवलेली असेल तर स्वतः उचकटू नका. मी आयुष्यभर ही कामे केली, आणि त्यात सर्वांत जास्त भीती मला पेचकसाच्या टोकाचीच वाटत आली.

आता कारण. लिथियमच्या सेलला दोन गोष्टी म्हाताऱ्या करतात: उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या की वय भराभर वाढते. सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो, काही नव्या सेलमध्ये थोडा अधिक. या ताणाखाली इलेक्ट्रोलाइट सावकाश बिघडत जातो, खेळा अथवा न खेळा. कपाटातल्या यंत्राचे मात्र बहुधा उलटे झाले असावे. पडून पडून तो सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला, आतले तांबे विरघळू लागले आणि कोणीतरी तो पुन्हा चार्ज करण्याचा प्रयत्न केला असेल, तर फुगायला तेवढे निमित्त पुरते. म्हणून यंत्र ठेवून द्यायचे असेल तर ते निम्म्याच्या आसपास भरून, थंड व कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून तपासावे. निन्टेन्डोची सूचना निदान सहा महिन्यांतून एकदा चार्ज करण्याची आहे.

चोवीस तास चार्जरला लावलेला स्टीम डेक जास्तीचा चार्ज घेत नाही. आतले नियंत्रक सर्किट भरल्यावर पुरवठा थांबवते. पण सेल कायम काठावर भरलेला राहतो आणि जड खेळ चालू असेल तर शेजारी चिपची उष्णता असते, हे दोन्ही तोट्याचे आहे. स्टीम डेकच्या अलीकडच्या प्रणालीत चार्जिंगची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय आली आहे. घरी ती ८० टक्क्यांवर ठेवा, प्रवासाच्या आदल्या रात्री काढून टाका. स्विच २ मध्येही सुमारे ९० टक्क्यांवर थांबण्याची मांडणी आहे; तुमच्या पहिल्या स्विचमध्ये ती नाही, तेव्हा त्याला डॉकमध्ये महिनोन्महिने बसवून न ठेवणे एवढेच हाती राहते.

चार्जिंगच्या वेगाची भीती मात्र अनाठायी आहे. लिथियमचा सेल आधी ठराविक प्रवाहाने भरला जातो आणि कमाल व्होल्टेजला पोहोचल्यावर प्रवाह आपोआप घटत जातो, म्हणून शेवटचे वीस टक्के भरायला सुरुवातीच्या चाळीस टक्क्यांइतका वेळ लागल्यासारखे वाटते. ६५ वॉटचा चार्जर लावला म्हणून यंत्रात ६५ वॉट घुसत नाहीत. किती घ्यायचे हे यंत्र ठरवते. प्रवासात प्लग तासभरच मिळणार असेल तर ८० टक्क्यांना वायर काढून शेजाऱ्याला जागा द्यावी, पुढचा वेळ तसाही रटाळ असतो. गोठणबिंदूच्या खालच्या थंडीत चार्ज करणे तेवढे टाळावे, कारण तेव्हा लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर जमू लागते आणि ते नुकसान भरून येत नाही.

यंत्राच्या पाठीला चिकटणाऱ्या बॅटरीच्या पेट्या आणि चुंबकाने जोडल्या जाणाऱ्या सी पिना, हे दोन पर्याय येथे कोणी काढले नाहीत ते बरे झाले. पाठीवरची पेटी हवा बाहेर पडण्याच्या झरोक्यांजवळ बसते आणि तिचे सारे वजन कित्येकदा सॉकेटवर येते. सॉकेट ढिले झाले की दुरुस्ती बॅटरी बदलण्यापेक्षा किचकट. चुंबकी पिनेवर लोखंडाचा कीस बसला आणि त्यातून १५ व्होल्ट गेले तर काय होते, ते मी टेबलावर पाहिले आहे. त्याऐवजी काटकोनात वळलेल्या पिनेची साधी केबल घ्यावी.

राहता राहिला प्रश्न बॅटरी बदलण्याचा. २००३ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीची बॅटरी एका स्क्रूने निघत असे, प्लेस्टेशन पोर्टेबलची तर नखाने. स्टीम डेकची घट्ट चिकटवलेली आहे. युरोपीय संघाच्या नव्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे, तेव्हा पुढची यंत्रे कदाचित पुन्हा स्क्रूवर येतील. जुन्या यंत्रासाठी बॅटरी मागवताना, मूळ आकाराच्या बॅटरीवर मूळच्या दीडपट-दुप्पट एमएएच छापलेले दिसले तर ती घेऊ नका. तेवढ्याच जागेत एवढी ऊर्जा बसत नाही. आणि न वापरलेली मूळ बॅटरी म्हणून दहा वर्षांपूर्वीचा साठा कोणी देत असेल, तर तीही कपाटात बसून तेवढीच म्हातारी झालेली असते.

प्रतिसाद : दूरचाप्रवासी

ठरले ते कळवतो. ६५ वॉटचा, दोन सी आणि एक रुंद पोर्ट असलेला चार्जर घेतला आहे. त्यावर १५ व्होल्ट, ३ अँपिअर असे स्पष्ट छापलेले आहे आणि दोन पोर्ट एकत्र वापरले तर वाटणी ४५ आणि २० अशी होते. पॉवर बँक जुनीच ठेवली. काल तीसफ्रेम यांच्या सांगण्याप्रमाणे ४० हर्ट्झ आणि ८ वॉट अशी मांडणी करून त्याच पॉवर बँकेवर खेळलो, तर दोन तासांत टक्के ५१ वरून ६८ वर चढले. जड खेळाला मात्र ही मांडणी झेपली नाही, तेथे वॉटमोजणी यांचेच खरे ठरले. लहान यंत्र रुंद पोर्टवर चालते आहे. फुगलेली बॅटरी झाकणाबरोबर सहज निघाली, डब्यात ठेवली आहे आणि उद्या जमा करणार आहे.

गेम बॉयचे सेल काढायला झाकण उघडले तेव्हा एका स्प्रिंगवर पांढरा थर दिसलाच. व्हिनेगरने निघाला, पण स्प्रिंगचे टोक काळे पडले आहे. ते घासावे की तसेच राहू द्यावे?

प्रतिसाद : चारपेन्सिल

यंत्र सुरू होत असेल तर तसेच राहू द्या. घासल्यावर वरचा मुलामा निघतो आणि खालचे लोखंड गंजते. होत नसेल तर पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसा, पॉलिश पेपर लावू नका.